प्रश्न तुमचे: धातू, यकृत आणि झाडपाल्याचे अर्क

मागच्या अंकात जड धातूंनी यकृताला होणाऱ्या इजेबद्दल दीड पान लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत धातूंबद्दल फारच थोडं होतं. जवळजवळ सगळ्यांना एकच विचारायचं होतं, कोणती वनस्पती घेऊ? एका अर्थी बरंच झालं. माझी तीसेक वर्षं याच कामात गेली: उंदरांना शिसं, कॅडमियम, आर्सेनिक द्यायचं, मग कुठल्या तरी पानाचा किंवा मुळाचा अर्क द्यायचा आणि यकृत कितपत सावरलं ते बघायचं. माझ्या नावामागचं ‘डॉक्टर’ मात्र उंदरांपुरतंच आहे. औषध सुरू करणं, बंद करणं हे तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचं काम. पाच पत्रं निवडली आहेत. थोडी छाटली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न: मी बावीस वर्षं गाड्यांच्या बॅटऱ्या उघडून दुरुस्त करतो. गेल्या महिन्यात रक्तातलं शिसं डेसिलिटरला ३८ मायक्रोग्रॅम आलं. एसजीपीटी ७१ आहे. एका मित्राने भुईआवळा आणि कुटकीच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्यात. शिसं निघून जाईल आणि यकृत साफ होईल म्हणतो. घेऊ का?

तुमच्या रिपोर्टात दोन आकडे आहेत आणि मित्राने त्या दोघांची एकच मोट बांधली आहे. ती आधी सोडू.

शिसं बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचना सांगतात की रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम शिसं आढळलं तरी ते कुठून येतंय हे शोधून तो मार्ग बंद करावा. तुमचं ३८ आहे, आणि ते कुठून येतंय हे शोधायला तुम्हाला लांब जायला नको.

आता एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम. माणसात शिशाचा पहिला दणका बसतो तो रक्त तयार होण्याच्या कामाला, मज्जातंतूंना, मूत्रपिंडांना. रक्तदाबही वाढतो. यकृताचा नंबर बराच खाली लागतो. उंदरांत यकृत बिघडलेलं दिसतं, कारण आम्ही त्यांना ते बिघडेल इतकं शिसं देतो. प्रयोगाचा हेतूच तो असतो. तेव्हा तुमच्या ७१ ला शिसंच कारण आहे हे आधीच धरून चालू नका. यकृतात साठलेली चरबी, दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, दुसऱ्या एखाद्या आजारासाठी चालू असलेल्या गोळ्या, यातलं काहीही असू शकतं. बी आणि सीची रक्ततपासणी साधी आहे, ती करून घ्या. कॅप्सूल घेत बसलात आणि आत हिपॅटायटिस निघाला, तर मित्र तुमचं नुकसान करून मोकळा होईल, तेही मनापासून.

‘शिसं निघून जाईल’ याबद्दल. रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्म्यावर येतं, अर्थात नवीन आत येणं थांबलं तरच. पण मोठ्या माणसाच्या शरीरातलं नव्वद टक्क्यांहून अधिक शिसं हाडांत बसलेलं असतं आणि तिथे ते वर्षानुवर्षं राहतं. बावीस वर्षांच्या कामानंतर तुमच्या हाडांत चांगलाच साठा असणार. तो उकरून काढणारी वनस्पती मला तरी भेटलेली नाही. होतं काय, की माणूस घाबरतो, चार आठवडे कामावर जात नाही आणि त्याच चार आठवड्यांत कॅप्सूलही घेतो. पुढच्या रिपोर्टात आकडा उतरतो. श्रेय कॅप्सूलला.

शिसं खरोखर ओढून बाहेर काढणारी औषधं आहेत. त्यातलं डायमरकॅप्रॉल दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डमध्ये तयार झालं, तेही एका आर्सेनिकयुक्त युद्धवायूवर उतारा म्हणून. त्याच्या रेणूतले गंधकाचे अणू धातूला चिमट्यासारखे धरतात आणि मूत्रावाटे नेतात. लक्षणं नसताना ३८ या पातळीला सहसा ही औषधं देत नाहीत, आणि शिशाच्या धुळीत काम चालू ठेवून तर ती घेऊच नयेत. गंधकावरून आठवलं: माणसांवर झालेला आणि दखल घ्यावी असा एक प्रयोग लसणाचा आहे. इराणमध्ये गाड्यांच्या बॅटऱ्यांच्या कारखान्यातले ११७ कामगार घेऊन २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चार आठवडे काहींना लसणाच्या गोळ्या, काहींना पेनिसिलामाइन हे धातू बाहेर काढणारं औषध. लसूण घेणाऱ्यांच्या रक्तातलं शिसं सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरलं, पेनिसिलामाइनच्या जवळपास. ऐकायला छान आहे. पण काहीच न घेणारा गट त्यात नव्हता, त्यामुळे आपोआप किती उतरलं असतं हे त्यातून कळत नाही.

तुमच्या हातात जे आहे ते कंटाळवाणं आहे, पण त्यानेच आकडा उतरतो. जागा कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. उघड्या ज्योतीवर शिसं वितळवत असाल तर ते आधी बंद. धुरातून सर्वांत जास्त जातं. साध्या कापडी मास्कने तो धूर अडत नाही. हात आणि नखं साबणाने घासल्याशिवाय तोंडाजवळ काही नेऊ नका, सिगरेटसुद्धा. कामाचे कपडे आणि बूट कामाच्या जागीच राहू द्यात. घरात लहान मूल असेल तर त्याचं रक्त तुमच्याआधी तपासा. हिमोग्लोबिनही बघा, कारण शरीरात लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं. कॅप्सूल तूर्त बाजूला ठेवा, म्हणजे दोन महिन्यांनी दोन्ही तपासण्या परत कराल तेव्हा कशाने काय झालं हे वाचता तरी येईल.

प्रश्न: उंदरांना किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क दिल्यावर त्यांचं यकृत कॅडमियमपासून वाचलं, असं वाचलं. माझं वजन ६० किलो आहे. म्हणजे रोज १२ ग्रॅम पावडर घ्यायची ना?

नाही. गणितात दोन चुका आहेत.

पहिली: उंदराचा डोस थेट आपल्या वजनाने गुणत नाहीत. लहान प्राण्याचं शरीर भराभर चालतं, औषध भराभर जाळतं. त्यामुळे शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब धरून प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराचा (रॅटचा) डोस सुमारे ६.२ ने भागतात. २०० भागिले ६.२ म्हणजे ३२. गुणिले ६० म्हणजे साधारण १.९ ग्रॅम. दुसरी चूक जास्त महागात पडेल. हा १.९ ग्रॅम आहे तो अर्क, पावडर नव्हे. समजा १०० ग्रॅम वाळक्या पावडरमधून १० ग्रॅम अर्क निघतो. मग तेवढ्या अर्कासाठी लागेल १९ ग्रॅम पावडर, रोज.

आता हाच हिशेब थोडा पुढे न्या. वनस्पती जमिनीतून पाण्याबरोबर धातूही शोषतात. औषधी वनस्पतींच्या कच्च्या मालात शिशाची जी कमाल मर्यादा जागतिक आरोग्य संघटना देते ती किलोला १० मिलिग्रॅम. या मर्यादेत अगदी काठावर बसणारी, म्हणजे कागदोपत्री पास झालेली पावडर रोज १९ ग्रॅम घेतलीत तर पोटात जाईल १९० मायक्रोग्रॅम शिसं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन गर्भधारणेच्या वयातल्या स्त्रियांसाठी आहारातल्या शिशाची जी संदर्भ पातळी धरतं ती दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम आहे. वीसपटीहून जास्त झालं. बरीचशी पावडर या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते आणि खाल्लेलं सगळं शिसं अंगी लागत नाही, हे मान्य. पण धातूपासून वाचायला म्हणून घेतलेल्या डब्यातूनच धातू येऊ शकतो, हे वजनकाट्यावर बघितलेलं बरं. २००४ मध्ये बॉस्टनच्या परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

आणि हो, तुमच्या शरीरात कॅडमियम जास्त आहे असं तुम्हाला कशावरून वाटलं, ते पत्रात कुठेच नाही. सिगरेट ओढत असाल तर तंबाखूचं झाड कॅडमियम उत्तम शोषतं, एवढं सांगते.

प्रश्न: मॅडम, मी एम.एस्सी.ला आहे. कॅडमियम क्लोराइड दिलेल्या विस्टर उंदरांवर शेवग्याच्या पानांच्या अर्काचं काम केलं. दोन्ही नळीनेच दिलं, अर्क आठवडाभर आधीपासून. एसजीपीटी, एसजीओटी, एमडीए सगळं नॉर्मलच्या जवळ आलं, ग्लुटाथायोन वाढलं, स्लाइड्सही छान आल्या. सर म्हणतात लगेच पेपर पाठव. मला इतकं चांगलं आल्याचीच भीती वाटतेय. काय तपासू?

तुला ‘तू’च म्हणते. पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण तुझ्या वयात मला ही भीती वाटली नव्हती.

माझ्या सुरुवातीच्या एका प्रयोगात लेड ॲसिटेट हा शिशाचा क्षार पिण्याच्या पाण्यात घातलं होतं आणि कुटकीचा अर्कही त्याच बाटलीत. सोपं पडतं. रोज एकेक उंदीर मानेला धरून घशात नळी घालावी लागत नाही. आठ आठवड्यांनी आकडे आले ते तुझ्यासारखेच. शिसं दिलेल्या गटाच्या नळ्या एमडीएच्या (पेशीतली चरबी खराब झाल्याची खूण) चाचणीत गडद गुलाबी, अर्कवाल्या गटाच्या जेमतेम गुलाबी झाक असलेल्या. थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून उकळत्या पाण्यातून काढलेल्या नळ्यांची ती रांग उजेडासमोर धरली की यंत्रावर ५३२ नॅनोमीटरचं वाचन घ्यायचीही गरज वाटत नाही. मी तक्ता करून भिंतीवर लावला. प्राणिगृहात पिंजरे आणि बाटल्या धुणारे एक काका होते. त्यांनी तक्त्याकडे बघून मला सहज विचारलं, “मॅडम, त्या खालच्या रांगेच्या बाटल्या मी एक दिवसाआड भरतो. वरच्या मात्र रोज रिकाम्या. चालतं ना?”

खालची रांग कुटकीची. कुटकी किती कडू असते हे जिभेला लावल्याशिवाय कळत नाही, आणि उंदराला कडू अजिबात चालत नाही. ते पाणीच कमी पीत होते. पाणी कमी, म्हणजे शिसंही कमी. कुटकीने यकृत वाचवलं होतं खरं, पण बाटलीतच. पुढे अर्क नळीने आणि शिसं वेगळं देऊन सगळं परत केलं. परिणाम राहिला, पण पहिल्या तक्त्याशेजारी लावायला लाज वाटावी इतका.

तू नळीने दिलंयस, म्हणजे ही चूक तुझ्याकडे नाही. पण हिची धाकटी बहीण असू शकते. कॅडमियम आणि अर्क दोन्ही तोंडावाटे दिलंयस. मध्ये किती वेळ जाऊ दिलास? टॅनिन आणि इतर पॉलिफिनॉल, म्हणजे वनस्पतींतली तुरट द्रव्यं, धातूंना आतड्यातच बांधून ठेवतात. लोहाच्या बाबतीत हे डोळ्यांना दिसतं. मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला हिरड्याच्या पाण्यात फेरस सल्फेटच्या द्रावणाचे चार थेंब टाकायला सांगायचे. बघता बघता नळी काळीनिळी होते. जुन्या काळी शाई अशीच करत. मग विचारायचे, यातलं लोह आता रक्तात जाईल का? कॅडमियम असा रंग दाखवत नाही, एवढंच. तोंडावाटे दिलेल्या कॅडमियमपैकी मुळातच थोडं शोषलं जातं. त्यातलं आणखी थोडं आतड्यात अडकलं तरी तुझं यकृत सुंदर दिसणार.

म्हणून पहिली गोष्ट: गोठवून ठेवलेले यकृताचे तुकडे असतील तर नायट्रिक आम्लात विरघळवून त्यातलं कॅडमियम मोजून घे. अर्क दिलेल्या गटात कॅडमियमच कमी निघालं, तर अर्काने धातू आत येऊ दिला नाही किंवा बाहेर घालवला. तेही उपयोगी आहे, पण मग पेपरच्या शीर्षकात ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द मिरवू नकोस. कॅडमियम दोन्ही गटांत सारखं आणि इजा कमी, असं आलं तर मात्र मलाही वाचायला आवडेल. परत प्रयोग करायची मुभा मिळाली तर एका गटाला कॅडमियम टोचून दे आणि अर्क तोंडाने. आतड्यातली भानगडच मिटते.

दुसरं, त्याच द्रावणात जस्तही मोज, आणि अर्कातलंही मोज. हे फारसं कोणी करत नाही. यकृत कॅडमियमशी लढतं ते मुख्यतः मेटॅलोथायोनीन नावाच्या एका छोट्या प्रथिनाने. १९५७ मध्ये ते सापडलं तेच मुळी घोड्याच्या मूत्रपिंडात कॅडमियम कुठे बसतंय हे शोधताना. त्याच्यात गंधकवाली अमिनो आम्लं गच्च भरलेली असतात, ती कॅडमियमला धरून ठेवतात. आणि हे प्रथिन वाढवायचा हमखास उपाय म्हणजे आधी जस्त देणं. आधी जस्त दिलेले उंदीर कॅडमियमचा मोठा डोसही सोसतात, हे जुनंच ज्ञान आहे. आता तू अर्क कॅडमियमच्या आधी आठवडाभर दिलास, आणि पानात जस्त असतंच. तर तुझं फ्लॅव्होनॉइड (पानातलं अँटिऑक्सिडंट द्रव्य) काम करतंय की जस्त?

‘आठवडाभर आधी’ या दोन शब्दांपाशी जरा थांब. आपल्या शास्त्रातल्या बहुतेक पेपरांत अर्क आधी किंवा बरोबर असतो, धातू नंतर. खऱ्या आयुष्यात माणूस येतो तो दहा वर्षं धातू आत गेल्यावर. कॅडमियम तर माणसाच्या शरीरात निम्मं व्हायलाच दहा ते तीस वर्षं घेतं. म्हणून एक गट असा हवा की ज्याला आधी आठ आठवडे कॅडमियम, मग ते बंद, मग अर्क. आणि त्याच्या शेजारी एक गट कॅडमियम बंद करून नुसतं पाणी दिलेला. यकृत मुळात स्वतःला दुरुस्त करणारा अवयव आहे. नुसत्या पाण्यावरचे उंदीर किती सावरले हे कळल्याशिवाय अर्काने किती सावरलं हे सांगता येत नाही. मी हा पाण्याचा गट बऱ्याच उशिरा ठेवायला लागले. माझे जुने पेपर त्यामुळे मीच आता जरा बिचकत वाचते.

फक्त अर्क दिलेला, धातू न दिलेला गट ठेवलायस का, ते पत्रात नाही. नसेल तर अर्क स्वतः यकृताला काय करतो हे तुला माहीत नाही.

रसायनं. कॅडमियम लोह किंवा तांब्यासारखं स्वतः मुक्त मूलक (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) फेकत नाही. लोहाची ती प्रक्रिया फेंटन या रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्येच नोंदवली होती. कॅडमियम आडमार्गाने जातं: ग्लुटाथायोन हे पेशीचं संरक्षक द्रव्य अडवून ठेवतं, प्रथिनांतल्या धातूंना हुसकावून त्यांची जागा घेतं. म्हणून चर्चेच्या भागात ‘फेंटन’ लिहिताना हात आवर, तो शब्द सवयीने येतो. एमडीएची गुलाबी चाचणी इतर ॲल्डिहाइडांशी आणि साखरांशीही रंग देते, तेव्हा एका तेवढ्या आकड्यावर इमारत उभी करू नकोस. ग्लुटाथायोन एलमनच्या पद्धतीने केलं असशील. ऊती बाहेर काढल्यापासून गोठवेपर्यंत किती वेळ गेला, आणि सगळ्या गटांचा तो सारखा होता का? शेवटचा गट कापेपर्यंत दुपार होते, हात दमतात, आणि ग्लुटाथायोन वाट बघत नाही.

स्लाइड्स कोणी वाचल्या? तूच, आणि कुठली कुठल्या गटाची हे माहीत असताना? मग लेबलं झाकून दुसऱ्या कोणाकडून परत वाचून घे. हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या रंगांनी रंगवलेल्या स्लाइडवर पेशी फुगलेल्या, केंद्रक आक्रसलेलं, मधल्या शिरेभोवती दाहपेशींची गर्दी, हे सगळं दिसतं. पण ‘सौम्य’ की ‘मध्यम’ हे ठरवताना डोळा मनाचं ऐकतो. आणि शेवगा नेमका कुठला, पानं केव्हा तोडली, नमुना वनस्पतिसंग्रहात जमा केला का, अर्कात कुठली द्रव्यं किती हे दाखवणारा एचपीएलसी आलेख काढला का, हे लिही. नाहीतर दुसऱ्या कोणाला तुझा प्रयोग परत करता येणार नाही.

सरांना हे सगळं माझ्या नावावर सांग. रागावले तर माझ्यावर रागावू देत.

प्रश्न: ताई, माझ्या सतरा वर्षांच्या मुलाला विल्सनचा आजार आहे. दोन वर्षं पेनिसिलामाइन चालू आहे, रिपोर्ट चांगले आहेत. कर्क्युमिन तांब्याला बांधतं असं कळलं. गोळ्या बंद करून हळदीच्या अर्कावर ठेवलं तर चालेल का? एवढ्या लहान वयात आयुष्यभराची गोळी म्हणजे जिवावर येतं हो.

नाही. ताई, हे एक उत्तर अगदी सरळ देते: गोळी बंद करू नका, एक आठवडाही नाही.

रिपोर्ट चांगले आहेत ते गोळीमुळे. आपल्या यकृतात एटीपी७बी नावाचं एक प्रथिन जास्तीचं तांबं पित्तात ढकलतं. तुमच्या मुलात तेच काम करत नाही, त्यामुळे तांबं रोज थोडं थोडं साठणारच. किनिअर विल्सनने १९१२ मध्ये हा आजार लिहिला तेव्हा त्यावर काहीच उपाय नव्हता. जॉन वॉल्शने १९५६ मध्ये पेनिसिलामाइन पुढे आणलं आणि हे रुग्ण मोठे व्हायला लागले, संसार करायला लागले. बरं वाटतंय म्हणून औषध सोडलेल्यांचं यकृत अचानक निकामी झाल्याच्या नोंदी आहेत, आणि तशा वेळी बहुतेकदा यकृतारोपणाशिवाय हाती काही राहत नाही.

कर्क्युमिन तांब्याला धरतं हे खोटं नाही. परीक्षानळीत धरतंच. पण गिळलेलं कर्क्युमिन रक्तात इतकं कमी पोहोचतं की नळीतला निकाल यकृताला लागू करता येत नाही. ते जास्त शोषलं जावं म्हणून अर्काच्या गोळ्यांत काळ्या मिरीतलं पायपरीन घालतात, आणि तिथे दुसरीच अडचण येते. अमेरिकेत औषधांनी होणाऱ्या यकृतविकारांचा पाठपुरावा करणाऱ्या गटाने २०२२ मध्ये हळदीच्या गोळ्यांनी यकृत बिघडलेले १० रुग्ण नोंदवले. त्यातल्या ७ जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण होती. ज्याचं यकृत आधीच तांब्याने नाजूक झालंय अशा मुलावर हा जुगार नको.

गोळीचा त्रास होत असेल, अंगावर पुरळ, लघवीतून प्रथिन जाणं वगैरे, तर डॉक्टरांना तसं सांगा. ट्रायएंटीन हे दुसरं औषध आहे, जस्त आहे. जस्ताची गंमत वर त्या विद्यार्थिनीला सांगितली तीच: ते आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनीन वाढवतं, आलेलं तांबं त्यात अडकतं आणि पेशी झडल्या की त्यांच्याबरोबर बाहेर जातं. पण बदल करायचा तो तांब्याचे आकडे बघत, त्यांच्या देखरेखीखाली. पेनिसिलामाइन रिकाम्या पोटी घेतोय ना, आणि लोहाची गोळी चालू असेल तर ती वेगळ्या वेळी घेतोय ना, एवढं मात्र बघा. सतराव्या वर्षी मुलं डोस चुकवतात आणि सांगत नाहीत. रागावून उपयोग नसतो. डबीतल्या गोळ्या दर रविवारी दोघांनी मिळून मोजा.

प्रश्न: वनस्पती नैसर्गिक आहे, मग यकृताला अपाय कसा होईल?

आर्सेनिकही खडकातूनच येतं. हरित चहाच्या अर्कात ईजीसीजी नावाचं जे द्रव्य असतं, ते पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेलं तर यकृताची एन्झाइमं वाढू शकतात, असं युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये म्हटलं. गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांच्या नोंदी २०२१ पासून प्रसिद्ध झाल्या. त्यात खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, यावर वादही झाला. पण घेणाऱ्याच्या दृष्टीने बघा: बाटलीवरच्या नावाची वनस्पती आत आहे की नाही हे त्याला कसं कळणार?

उलट टोकालाही जाऊ नका. आमच्या प्रयोगांत तुलनेसाठी जवळजवळ नेहमी सिलिमारिन असायचं, दुधी काटेरी म्हणावं अशा एका झुडपाच्या बियांतून निघणारं. उंदरांत ते झकास चालतं. माणसांत, हिपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांवर २४ आठवडे मोठ्या मात्रेत देऊन पाहिलं, २०१२ मध्ये निकाल आला: खोट्या गोळीपेक्षा काही वेगळं घडलं नाही. त्याच सिलिमारिनमधलं सिलिबिनिन मात्र अमानिटा फॅलॉइडिस हे विषारी अळिंबं खाल्लेल्या रुग्णांना युरोपातल्या रुग्णालयांत शिरेतून दिलं जातं. पूर्णपणे नैसर्गिक अळिंबं आहे ते, आणि यकृत काही दिवसांत संपवतं. त्याचं विष ज्या दारातून यकृताच्या पेशीत शिरतं ते दार सिलिबिनिन अडवतं. म्हणून ते लवकर द्यावं लागतं, विष पेशीबाहेर असेपर्यंत. तेच गोळीतून गिळलं तर रक्तात फारच थोडं उतरतं, त्यामुळे तिथे कॅप्सूलचा उपयोग नसतो.